मोजपट्टीबाहेरची माणसे

अमेरिकेतील होबोकेन गावी १८९४ साली जन्मलेल्या अल्फ्रेड किन्से यांचे घर कमालीचे धार्मिक. शरीराविषयी बोलणे तिथे वर्ज्यच. किन्से प्राणिशास्त्रज्ञ झाले, १९२० पासून इंडियाना विद्यापीठात शिकवू लागले. ओकच्या झाडावर गाठी निर्माण करणाऱ्या इवल्याशा माश्या त्यांनी लाखोंनी जमवल्या, मोजल्या. एक जीव दुसऱ्यासारखा नसतो, हा धडा त्यांना तिथे मिळाला.

१९३८ साली विद्यापीठात विवाहविषयक वर्ग सुरू झाला. मुलामुलींच्या साध्या शंकांनाही शास्त्राकडे उत्तर नाही, हे किन्से यांच्या लक्षात आले. मग माश्या मागे पडल्या. त्यांनी व सहकाऱ्यांनी सुमारे १८ हजार स्त्री-पुरुषांशी समोरासमोर बसून मुलाखती केल्या. १९४८ साली पुरुषांवरचा आणि १९५३ साली स्त्रियांवरचा ग्रंथ निघाला, आणि एकच गहजब उडाला.

या ग्रंथांत शून्य ते सहा अशी मोजपट्टी होती. केवळ भिन्नलिंगी ओढ असेल तर शून्य, केवळ समलिंगी असेल तर सहा, बाकीचे मधे. पण काही माणसे तिच्यावर कुठेच बसेनात. त्यांना ना असे संबंध, ना कुणाची ओढ. किन्से यांनी त्यांना ओढूनताणून शून्यावर बसवले नाही. ‘एक्स’ हे वेगळे अक्षर दिले. पुरुषांत ती दीड टक्क्याच्या आसपास होती, अविवाहित स्त्रियांत १४ ते १९ टक्के.

बँकेत ज्या रकमेचे खाते सापडत नाही, ती आम्ही सस्पेन्समध्ये टाकत असू. मात्र ती तिथेच ठेवायची नसते. तिचे खाते शोधायचे असते. किन्से यांच्याकडून तो शोध राहिला. १९५४ साली संशोधनाचा मोठा आर्थिक आधार तुटला आणि १९५६ साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, ते गेले. पुढे मोजपट्टी जगभर गाजली. ते अक्षर मात्र बहुतेकांच्या विस्मरणात गेले.

२००४ साली कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ अँथनी बोगार्ट यांनी ब्रिटनमधील एका पाहणीचे आकडे तपासले. अठरा हजारांहून अधिक लोकांपैकी सुमारे एक टक्का लोकांनी, आपल्याला कधीच कुणाविषयी लैंगिक ओढ वाटली नाही, असे नोंदवले होते. ती सापडली, कारण प्रश्नावलीत तसे उत्तर छापलेले होते.

ज्या कागदावर ते उत्तर छापलेले नसते, तिथे असा माणूस खोटी खूण करतो किंवा जागा कोरी सोडतो. मोजणारा म्हणतो, अशी माणसेच नाहीत. आणि घरी बसलेला तो माणूस समजतो, आपल्यातच काही बिघडले आहे. एका छापील ओळीने हे दोन्ही गैरसमज टळू शकतात.