पाळणाघराच्या दारातून संसदेत गेलेली शर्ली चिझम

धुणीभांडी करायला निघालेली आई तान्हे पोर कोणाच्या हवाली करते? आमच्या वस्त्यांत याचे उत्तर ठरलेले आहे: थोरल्या मुलीच्या. धाकट्याचा सांभाळ होतो आणि थोरलीची शाळा सुटते. या प्रश्नासाठी थेट सरकारी तिजोरीला हात घालणाऱ्या एका कृष्णवर्णीय स्त्रीचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

शर्ली यांचा जन्म ३० नोव्हेंबर १९२४ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. वडील ब्रिटिश गयानाचे, आई बार्बाडोसची. वडील बारदानाच्या कारखान्यात मजूर, आई शिवणकाम करी, लोकांच्या घरची कामे करी. दोघे राबूनही पोरींकडे पाहायला घरी कोणी उरेना. म्हणून १९२९ च्या सुमारास मुलींना समुद्रापार बार्बाडोसला आजीकडे पाठवले. त्या परतल्या १९३४ साली. तिथल्या कडक शाळेने लिहिणे-बोलणे पक्के केले, हे त्या पुढे कृतज्ञतेने सांगत. पण पोटच्या लेकरांना पाच वर्षे डोळ्यांआड ठेवणाऱ्या आईला कोणती किंमत मोजावी लागली असेल?

१९४६ ला पदवी मिळाली. शिकलेल्या काळ्या मुलीला नोकरी सहजी मिळेना. अखेर हार्लेममधल्या एका बालसंगोपन केंद्रात मदतनीस म्हणून लागल्या. ज्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ साली बाबासाहेबांनी पाऊल ठेवले, त्याच्याच टीचर्स कॉलेजात दिवसाची नोकरी सांभाळून त्यांनी बालशिक्षणाची एम.ए. पदवी घेतली. १९५३ ते १९५९ त्या मॅनहॅटनमधल्या एका पाळणाघराच्या संचालिका होत्या आणि पुढे १९६४ पर्यंत न्यूयॉर्क शहराच्या पाळणाघर विभागाच्या सल्लागार. गरीब आई सकाळी मूल सोडताना कशी घाई करते, हे त्यांनी अहवालात वाचलेले नव्हते, रोज पाहिले होते.

१९६४ ला त्या राज्याच्या विधानसभेत निवडून आल्या आणि घरकामगार स्त्रियांना बेकारी भत्ता मिळवून दिला. १९६८ ला अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून आलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. ब्रुकलिनच्या या प्रतिनिधीला नेमले कोठे, तर शेतकी समितीवर! त्यांनी ते मुकाट्याने मान्य केले नाही, नेमणूक बदलायला लावली.

१९७१ साली बेला ॲबझग यांच्यासह त्यांनी पाळणाघरांचे विधेयक आणले. मागणी वाढत वाढत वर्षाला दहा अब्ज डॉलरपर्यंत जाणारी होती. त्या वर्षी दोन्ही सभागृहांनी बालविकासाचा जो कायदा मंजूर केला त्यात रक्कम खूपच कमी होती, तरी तत्त्व तेच: गरीब कुटुंबाला पाळणाघर मोफत, त्यावरच्यांना उत्पन्नाच्या मानाने फी. ९ डिसेंबर १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी नकाराधिकार वापरला. कारण काय, तर अशाने कुटुंबसंस्था ढासळेल! याच निक्सन यांनी १९६९ साली सरकारी मदतीवर जगणाऱ्या आयांना कामाला लावण्यासाठी पाळणाघरांची योजना मांडली होती. म्हणजे गरीब बाईला कामाला जुंपायचे असेल तर पाळणाघर चालते, ते सर्वांचा हक्क म्हणून मागितले की कुटुंब धोक्यात येते. हा न्याय आम्हांला ओळखीचा वाटतो. नकाराधिकार मोडायला लागणारी दोन तृतीयांश मते सिनेटमध्ये मिळाली नाहीत.

१९७२ ला त्या राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागायला उभ्या राहिल्या. वंशभेदाचे कट्टर पुरस्कर्ते जॉर्ज वॉलेस गोळीबारात जखमी झाले, तेव्हा त्यांना भेटायला इस्पितळात गेल्या. स्वकीयांनी शिव्या घातल्या. पुढे घरकामगारांना किमान वेतनाच्या कायद्यात आणताना दक्षिणेकडची मते मिळवायला याच वॉलेसनी मदत केली, असे त्या सांगत. तो कायदा १९७४ ला झाला.

१९८३ च्या आरंभी त्यांनी संसद सोडली. १ जानेवारी २००५ रोजी फ्लोरिडात त्यांचे निधन झाले. गरीब पालकांना पाळणाघराच्या खर्चासाठी राज्यांमार्फत अनुदान देणारा कायदा अमेरिकेत १९९० साली आला. पण ते अनुदान हक्क नव्हे. निधी संपला की पात्र आईचे नाव प्रतीक्षा यादीत जाते.