मॉरिस फ्रँक आणि त्याची बडी



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी कोणातरी थोर व्यक्तीचे चरित्र असते. यंदा ते काम माझ्याकडे आले, तेव्हा मी जरा बावरलेच. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या लेकीने मला अमेरिकेतल्या एका आंधळ्या माणसाची हकीकत वाचून दाखवली, ती काही केल्या मनातून जाईना. तो राजा नव्हता, संत नव्हता. विमा विकून पोट भरणारा एक साधा मुलगा होता. त्याचीच गोष्ट आज सांगते.

ती मनातून का जाईना, तेही सांगते. माझे सासरे काचबिंदूने आंधळे झाले. त्यांना आम्ही कधी काही कमी पडू दिले नाही. ताट हातात, पाणी हातात, ओसरीवरची बैठक ठरलेली. बाहेर न्यायला शेजारचा एक मुलगा ठेवला होता. तो आला तर देवळात जायचे, खेळायला पळाला तर बसून राहायचे. अशी अकरा वर्षे गेली. आम्ही त्यांची सेवा केली असेच आजवर मी समजत होते.

मॉरिस फ्रँकचा जन्म २३ मार्च १९०८ रोजी अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, नॅशव्हिल गावी झाला. त्याची आई आंधळी होती, आणि लहानपणी तिचा हात धरून तिला न्यायचे काम मॉरिसकडे असे. पण दैव कसे पाहा! तो सहा वर्षांचा असताना घोड्यावरून जाताना झाडाच्या फांदीचा मार बसून त्याचा उजवा डोळा गेला. पुढे सोळाव्या वर्षी मुष्टियुद्ध खेळताना डाव्या डोळ्याला इजा झाली आणि दुसराही गेला. जो आईची काठी होता, त्यालाच आता काठीची गरज पडली.

पण पोरगा जिद्दीचा. त्याने कॉलेजचे शिक्षण चालू ठेवले आणि विम्याचे काम धरले. घरोघर हिंडायला त्याने पगारावर एक मुलगा ठेवला. तो मुलगा कधी येई, कधी न येई, आला तरी कंटाळून जाई. गिऱ्हाईक समोर बसलेले आणि सोबती नाहीसा! आपण मिळवते असूनही घराबाहेर पाऊल टाकणे आपल्या हाती नाही, हे त्याला फार लागे. हे वाचताना मी लेकीला जरा थांब म्हटले. मला आमची ओसरी दिसू लागली होती.

१९२७ सालच्या नोव्हेंबर महिन्यात मॉरिसच्या वडिलांनी त्याला सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट या साप्ताहिकातला एक लेख वाचून दाखवला. लेख लिहिला होता डोरोथी हॅरिसन यूस्टिस या बाईंनी. या बाई मूळच्या अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या, पण राहत स्वित्झर्लंडमध्ये. तिथे व्हवे गावाच्या वरच्या डोंगरावर, फॉर्च्युनेट फील्ड्स नावाच्या आपल्या जागेत, त्या जर्मन शेफर्ड जातीची कुत्री पाळून त्यांना पोलिसांच्या आणि सैन्याच्या कामासाठी तयार करीत. पहिल्या महायुद्धात आंधळ्या झालेल्या सैनिकांसाठी जर्मनीत कुत्री शिकवण्याच्या शाळा निघाल्या होत्या. त्यांपैकी पॉट्सडॅमची शाळा बाईंनी स्वतः पाहिली आणि जे पाहिले ते लिहिले. आंधळा माणूस कुत्र्याच्या सोबतीने भर रस्त्यातून ताठ मानेने चालतो, हे त्यांना एक नवलच वाटले होते.

लेख संपला तेव्हा मॉरिसने मनाशी ठरवून टाकले. चारच दिवसांत त्याने बाईंना पत्र धाडले. असा कुत्रा मला मिळवून द्या, शिकवा, म्हणजे मी परत येऊन माझ्या देशातल्या इतर आंधळ्यांनाही ही वाट दाखवीन, असा त्याचा मजकूर होता. आंधळा मागतो एक डोळा, असे आपण म्हणतो. या मुलाने एक डोळा मागितला तोही एकट्यासाठी नव्हे.

आता मौज अशी, की बाईंची शाळा मुळी आंधळ्यांची नव्हतीच! पण त्यांनी त्याला नाही म्हटले नाही. त्यांच्याकडे जॅक हम्फ्री नावाचे प्राण्यांना शिकवण्यात फार हुशार असे गृहस्थ होते. त्यांनी ही विद्या आत्मसात करून कुत्री तयार केली. आणि एप्रिल १९२८ मध्ये वीस वर्षांचा मॉरिस आगबोटीत बसला.

तो प्रवास कसा झाला, ऐका. एकट्या आंधळ्याला कोण नेणार, म्हणून त्याला एका कंपनीच्या ताब्यात पार्सलासारखे सोपवले होते. नोकराने फिरवायला न्यावे, आणून खोलीत ठेवावे, बाहेरून कुलूप लावावे! हेतू वाईट नव्हता. तो पडू नये, हरवू नये, एवढाच होता. पण सांभाळणे आणि कोंडणे यांत अंतर किती थोडे असते, हे मला त्या कुलपाने शिकवले.

फॉर्च्युनेट फील्ड्समध्ये त्याच्या हाती एक जर्मन शेफर्ड कुत्री दिली. तिचे नाव होते किस, म्हणजे चुंबन. चार माणसांत अशी हाक कशी मारायची, म्हणून मॉरिसने तिचे नाव बडी ठेवले. बडी म्हणजे सवंगडी.

कुत्री माणसाला कशी नेते, हे मला ठाऊक नव्हते. मला वाटे, तिला पत्ता सांगितला की ती घेऊन जात असेल. तसे नाही. वाट माणसाने ध्यानात ठेवायची. कुत्रीच्या अंगावर कातडी पट्ट्यांचा साज असतो आणि त्याला वर ताठ मूठ असते, ती डाव्या हातात धरायची. पुढे, डावीकडे, उजवीकडे असे हुकूम माणूस देतो. कुत्री खड्डा, खांब, गर्दी चुकवते आणि पायरी किंवा फरसबंदीचा काठ आला की थांबते. माणसाने पायाने चाचपून पाहायचे आणि मग पुढचा हुकूम द्यायचा. मुठीतून तिची हालचाल हाताला कळत असते. आणि सर्वांत अवघड शिक्षण म्हणजे, हुकूम मोडायचे शिक्षण. माणसाने पुढे म्हटले पण समोरून मोटार येत असेल, तर तिने जागचे हलायचे नाही. एरवी आज्ञाधारक राहायचे आणि धन्याच्या जिवावर बेतले तर ऐकायचे नाही, एवढी समज मुक्या जनावराला द्यायची, म्हणजे शिकवणाऱ्याची धन्य!

मॉरिसला पहिले दिवस जड गेले. तो अडखळे, पडे, चिडे. हम्फ्रीसाहेब त्याचे लाड करीत नसत. चूक झाली की ती त्याची त्याला निस्तरू देत. एकदा त्याला केस कापायचे होते, आणि कोणीतरी आपल्याला न्यावे म्हणून तो वाट पाहत राहिला. त्याला सांगण्यात आले, की बडी आहे ना, तिला घेऊन जा. तो निघाला. डोंगरावरून गावात उतरला, न्हाव्याकडे केस कापून घेतले आणि आपल्या पायांनी परत आला. एरवी कोणीतरी पोहोचवायचे आणि कोणीतरी न्यायला येईपर्यंत बसून राहायचे, असे त्याचे आयुष्य. त्या दिवशी तो वाटभर हसत आला म्हणतात. न्हाव्याकडे जाऊन येणे ही का मोठी गोष्ट? ज्याला ते कोणी करू देत नाही, त्याला विचारावे!

११ जून १९२८ रोजी मॉरिस बडीसह न्यूयॉर्कच्या बंदरात उतरला. बातमीदार जमलेच होते. त्यांचा विश्वास बसेना. बंदराजवळ वेस्ट स्ट्रीट नावाचा फार रुंद आणि वाहनांनी भरलेला रस्ता होता, तो ओलांडून दाखव म्हणून त्यांनी त्याला डिवचले. मॉरिसने बडीला हुकूम दिला आणि निघाला. भोवती मालमोटारींचा गदारोळ. मध्येच त्याला दिशेचेही भान उरले नाही. बडी थांबली की थांबायचे, ती सरकली की सरकायचे, इतकेच. अखेर पलीकडचा काठ पायाला लागला. त्याने स्वित्झर्लंडला बाईंकडे तार केली. तारेत शब्द एकच, आणि तो यशाचा.

मॉरिस आपल्या बोलाला जागला. २९ जानेवारी १९२९ रोजी नॅशव्हिलमध्ये सीइंग आय, म्हणजे पाहणारा डोळा, ही अमेरिकेतली अशी पहिली संस्था रीतसर स्थापन झाली. पाठीशी डोरोथीबाई होत्या. पहिल्या वर्गात विद्यार्थी दोनच! पुढे नॅशव्हिलचा उन्हाळा सोसेना म्हणून १९३१ मध्ये शाळा न्यू जर्सी राज्यात नेली.

त्याच सुमारास विलायतेत म्युरिएल क्रुक आणि रोझमंड बाँड या दोन बायकांनी डोरोथीबाईंशी संधान बांधले. बाईंनी त्यांना एक शिक्षक पाठवला आणि १९३१ मध्ये तिथलीही पहिली चार कुत्री तयार होऊन आंधळ्यांच्या हाती गेली. बायकांनी मनात घेतले म्हणजे काम कसे वाढते पाहा!

अमेरिकेतल्या शाळेची एक रीत मला विशेष आवडली. १९३४ पासून तिथे पहिल्या कुत्र्यासाठी १५० डॉलर घेत, पुढच्या प्रत्येक कुत्र्यासाठी ५० डॉलर आणि सैनिकाकडून फक्त एक डॉलर. खरा खर्च याहून कितीतरी जास्त, तो देणग्यांतून भागे. मग हे थोडे पैसे तरी का घ्यायचे? कारण दान घेणाऱ्याची मान खाली जाते आणि विकत घेणाऱ्याची वर राहते. एकदम देणे झाले नाही, तर जमेल तसे फेडावे. पण कुत्रा आपल्या कमाईचा, असे त्या माणसाला म्हणता यावे.

मॉरिस बडीला घेऊन देशभर हिंडला, व्याख्याने दिली. हॉटेलात, दुकानात, आगगाडीच्या डब्यात कुत्रीला मज्जाव होई. तिला सामानाच्या डब्यात टाका म्हणत. माझे डोळे मी सामानात कसे ठेवू, हा त्याचा मुद्दा होता, आणि तो त्याने चिकाटीने लावून धरला. १९३५ पर्यंत अमेरिकेतल्या सर्व रेल्वे कंपन्यांनी अशा कुत्र्यांना धन्याजवळ बसू दिले, आणि १९५६ पर्यंत प्रत्येक राज्यात तसे कायदे झाले. बडी मात्र हे सारे पाहायला राहिली नाही. २३ मे १९३८ रोजी ती गेली. त्यानंतर मॉरिसने जी जी कुत्री घेतली, त्या सर्वांचे नाव त्याने बडीच ठेवले. १९५७ मध्ये त्याने पहिल्या बडीवर पुस्तक लिहिले. डोरोथीबाई १९४६ मध्ये वारल्या आणि मॉरिस २२ नोव्हेंबर १९८० रोजी. न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनमध्ये आज मॉरिस आणि बडीचा पुतळा उभा आहे.

आता जगात अशा शाळा पुष्कळ आहेत, आणि १९८९ पासून त्यांचा एक आंतरराष्ट्रीय संघही आहे. तिकडच्या आंधळ्या माणसाला आज शाळा निवडावी लागते. कुठे फी असते, कुठे सारे फुकट. कुठे काही आठवडे शाळेत राहून शिकायचे, कुठे शिक्षक घरी येतो. कुठे कुत्रा कायमचा आपला होतो, कुठे तो संस्थेचाच राहतो. चालण्याचा वेग, हाताची ताकद, घरचा परिसर पाहून जोडी जमवतात का, आणि घरी गेल्यावर अडचण आली तर शाळा धावून येते का, हेही विचारावे लागते. स्थळ पाहताना आपण काय कमी चौकशी करतो? आणि आपल्यासारखीच माया त्यातही आहे. १९४२ पासून सीइंग आयची पिल्ले आसपासच्या कुटुंबांत, मुलाबाळांत वाढतात. वर्षभराने पिल्लू मोठे झाले की डोळे पुसून ते शाळेत परत द्यायचे. लेक सासरी पाठवण्यासारखेच ते!

पण या सर्व चौकशीच्या मुळाशी प्रश्न एकच आहे, असे मला वाटते. ही शाळा मला सांभाळणार आहे, की मला सोडणार आहे? मॉरिसने निवडलेल्या शाळेने त्याला सोडले. म्हणून तो चालू लागला.

आपल्याकडे अशी कुत्री क्वचितच दिसतात. पण हा प्रश्न आपल्याही घरात आहे. माझ्या सासूबाईंची नजर आता मंदावली आहे. पूर्वी मी त्यांना उठूच दिले नसते. परवा त्या म्हणाल्या, की तुळशीला पाणी मीच घालते. मी तांब्या त्यांच्या हाती दिला आणि बाजूला झाले. भिंत चाचपत, पायरीवर पाय आपटून पाहत त्या अंगणात उतरल्या. मी दारात उभी होते आणि माझा जीव टांगणीला लागला होता. मॉरिस पहिल्याने एकटा न्हाव्याकडे गेला, तेव्हा मागे राहिलेल्यांचेही असेच झाले असेल काय?

अर्धे पाणी वृंदावनाबाहेर सांडले. पण परत आल्या तेव्हा त्या हसत होत्या. सासरे असताना मला हे उमगले असते तर बरे झाले असते.