निर्मळ ध्वनीचा उपासक

पावसाळ्याच्या तोंडावर क्षितिजावर वीज चमकू लागली, की एके काळी घरोघरच्या रेडिओतून कर्कश खरखर उमटू लागे. गाणे ऐन रंगात आलेले असावे, घरातील मंडळींनी कान टवकारलेले असावेत आणि तोच कडकड असा आवाज होऊन सूर तुटावा, हा अनुभव नित्याचा होता. वीज चमकताना आकाशात बिनतारी लहरी आपोआप उत्पन्न होतात, आणि रेडिओ त्याही इमानाने पकडतो. बिनतारी विद्येतील जाणत्या लोकांनी हा उपद्रव अटळ समजून सोडून दिला होता. ज्या एका माणसाने तो अटळ मानला नाही, त्याचे नाव एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग.

आर्मस्ट्राँग यांचा जन्म १८ डिसेंबर १८९० रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरी झाला. वडील जॉन हे ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेचे अमेरिकेतील प्रतिनिधी होते. आई एमिली यांनी काही काळ शिक्षिकेचे काम केले होते. घरात ग्रंथांना तोटा नव्हता. बालपणीच एडविनला एका मज्जाविकाराने गाठले. दोन वर्षे शाळा सुटली. आजार बरा झाला, परंतु मन क्षुब्ध झाले की त्याचा खांदा आपोआप उडू लागे, ही खूण जन्मभर राहिली. मुलाच्या प्रकृतीसाठी कुटुंब हडसन नदीकाठच्या याँकर्स या गावी राहावयास गेले. शाळेतील सवंगड्यांपासून दूर पडलेला हा मुलगा एकटाच वाचीत बसे. शोधांच्या आणि शोधकांच्या कथा सांगणारी पुस्तके त्याच्या हाती पडली. मार्कोनी या तरुणाने तारेवाचून समुद्रापार संदेश धाडल्याची हकीकत त्याने वाचली आणि आपणही शोधकच व्हावयाचे, असा निश्चय त्याने केला.

घराच्या माळ्यावरची खोली ही त्याची प्रयोगशाळा झाली. दूरचे क्षीण संदेश पकडता यावेत म्हणून त्याने अंगणात सुमारे १२५ फूट उंचीचा खांब स्वतःच्या हातांनी उभारला. खांबाला टांगलेल्या झोळीवजा बैठकीत बसून तो वरपर्यंत जाई. त्याला उंचीचे भय म्हणून ठाऊकच नव्हते. पुढेही आयुष्यभर उंच मनोऱ्यांची त्याला विलक्षण ओढ वाटत राहिली.

कोलंबिया विद्यापीठात विद्युत् अभियांत्रिकीचे शिक्षण घेताना मायकेल प्युपिन यांच्यासारखे गुरू त्याला लाभले. वडिलांनी दिलेल्या तांबड्या मोटारसायकलीवरून हा विद्यार्थी याँकर्सहून रोज विद्यापीठात येई. त्या काळी ली डी फॉरेस्ट यांनी तयार केलेली एक निर्वात नलिका नुकतीच प्रचारात येत होती. मात्र तिच्यात नेमके काय घडते, हे खुद्द तिच्या निर्मात्यासही नीट उमगले नव्हते. एडविनने तिचे कार्य बारकाईने मोजले, तपासले. नलिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रवाहाचा काही भाग पुन्हा तिच्याच आत सोडला, तर क्षीण संदेश शेकडो पटींनी सबळ होतो, असे त्याला १९१२ साली दिसून आले. एका रात्री कानांवरच्या यंत्रातून दूरदूरचे संदेश स्पष्ट ऐकू येऊ लागले, तेव्हा त्याला आनंद आवरेना. झोपलेल्या बहिणीच्या खोलीत तो धावत गेला आणि तिला जागे करून त्याने ती वार्ता सांगितली. त्या वेळी तो अवघा एकवीस वर्षांचा होता.

या शोधाचे पेटंट घेण्यास पैसे हवे होते. आधी पदवी पूर्ण कर, असे वडिलांनी बजावले. तेव्हा एका नातलगाच्या सल्ल्यावरून एडविनने आपल्या यंत्राची आकृती काढून ३१ जानेवारी १९१३ रोजी ती साक्षांकित करून घेतली. पेटंटासाठी प्रत्यक्ष अर्ज झाला तो त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. हा विलंब महागात पडला. हा शोध मूळचा आपलाच आहे, असा दावा पुढे डी फॉरेस्ट यांनी मांडला. हा वाद न्यायालयांच्या पायऱ्या चढत राहिला आणि अखेर १९३४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल डी फॉरेस्ट यांच्या बाजूने दिला. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला; अभियंत्यांच्या दृष्टीने तो मिटला नाही. बिनतारी अभियंत्यांच्या संस्थेने याच शोधाबद्दल आर्मस्ट्राँग यांना सुवर्णपदक दिले होते. निकालानंतर ते पदक परत करावे म्हणून ते संस्थेच्या सभेस गेले. संस्थेने ते परत घेण्यास साफ नकार दिला आणि जमलेल्या अभियंत्यांनी त्यांचा जयजयकार केला. कोर्टात गेलेला मान त्या सभेत त्यांना परत मिळाला, असे म्हटले पाहिजे.

मधल्या काळात पहिले महायुद्ध होऊन गेले होते. अमेरिकन सैन्याच्या संदेश विभागात अधिकारी म्हणून आर्मस्ट्राँग फ्रान्समध्ये होते. तेथे १९१८ साली त्यांनी दुसरा मोठा शोध लावला. उच्च कंपनसंख्येच्या लहरी त्या वेळच्या नलिकांना सबळ करता येत नसत. आर्मस्ट्राँग यांनी यंत्रातच दुसरी एक लहर निर्माण करून ती आलेल्या लहरीत मिसळली; त्या मिश्रणातून कमी कंपनसंख्येची तिसरी लहर मिळते, आणि तिला सबळ करणे सोपे जाते. जगातील बहुतेक सर्व रेडिओ पुढे याच तत्त्वावर तयार झाले. शोधांचे हक्क विकून आर्मस्ट्राँग श्रीमंत झाले. रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका, म्हणजे आर.सी.ए., या बलाढ्य कंपनीचे ते मोठे भागधारक बनले. कंपनीचे सूत्रधार डेव्हिड सार्नॉफ त्यांचे स्नेही होते. सार्नॉफ यांच्याच कार्यालयात काम करणाऱ्या मॅरियन मॅकिनिस यांच्याशी १९२३ साली त्यांचा विवाह झाला. विवाहाच्या वेळी त्यांनी वधूला स्वतः तयार केलेला, हातातून नेता येण्याजोगा एक रेडिओ भेट दिला! त्याच वर्षी कंपनीच्या प्रक्षेपण मनोऱ्याच्या शेंड्यावर चढून त्यांनी छायाचित्रे काढवून घेतली आणि सार्नॉफ यांचा रोष ओढवून घेतला.

धन मिळाले, कीर्ती मिळाली. परंतु ती खरखर काही जात नव्हती. कोलंबिया विद्यापीठात वर्षाला एक डॉलर एवढेच नाममात्र वेतन घेऊन आर्मस्ट्राँग यांनी कित्येक वर्षे या एकाच प्रश्नाचा ध्यास घेतला.

त्यांनी काढलेला मार्ग समजण्यासाठी बिनतारी लहर पाण्यावरील लाटेसारखी कल्पावी. लाटेत दोन गोष्टी पाहावयाच्या : तिची उंची किती, आणि एका सेकंदात अशा लाटा किती येतात. या दुसऱ्या संख्येला कंपनसंख्या म्हणतात. जुन्या पद्धतीत आवाजाच्या चढउताराप्रमाणे लहरीची उंची कमीअधिक करीत. विजेच्या लहरीही उंचीतच भर घालीत. त्यामुळे गाणे कोणते आणि वीज कोणती, हे रेडिओस ओळखता येत नसे. आर्मस्ट्राँग यांनी लहरीची उंची कायम ठेवली आणि आवाजाप्रमाणे कंपनसंख्या बदलत नेली. रेडिओत आलेली लहर प्रथम सारख्या उंचीवर छाटून घ्यावयाची, म्हणजे उंचीत झालेली ढवळाढवळ निघून जाते. मग उरलेल्या कंपनसंख्येतील बदलावरून मूळ आवाज परत मिळवावयाचा.

कंपनसंख्या बदलण्याची कल्पना इतरांनाही सुचली होती. परंतु प्रत्येक केंद्राने आकाशातील जागा शक्य तितकी कमी व्यापावी, लहरींचा पट्टा अरुंद असावा, या हेतूने ते तिच्याकडे पाहत होते. १९२२ साली जॉन कार्सन यांनी गणित मांडून दाखविले, की या पद्धतीने पट्टा अरुंद तर होत नाहीच, उलट आवाज बिघडतो. गणित बिनचूक होते. त्यावरून ही पद्धत निरुपयोगी आहे, असे सर्वांनी ठरवून टाकले. आर्मस्ट्राँग यांनी नेमकी उलट वाट धरली. पट्टा अरुंद करण्याऐवजी त्यांनी तो भरपूर रुंद केला. विजेचा उपद्रव कंपनसंख्येतही थोडा फरक पाडतो. पण मूळ संदेशाचेच हेलकावे फार मोठे असतील, तर तो लहानसा फरक त्यांत नगण्य होऊन जातो. ओढ्याला आलेला थोडासा लोंढा लहान नाल्यास उधाण आणील, मोठ्या नदीस तो जाणवणारही नाही, तसेच हे.

मध्यम लहरींच्या केंद्राला अमेरिकेत दहा हजार कंपनांचा पट्टा मिळे. नव्या पद्धतीत एका केंद्राला दोन लक्षांचा पट्टा लागणार होता. एवढी जागा जुन्या लहरींत कोठून मिळणार? म्हणून आर्मस्ट्राँग वर सरकले. सेकंदाला चार कोटींहून अधिक कंपने होणाऱ्या अतिउच्च लहरींच्या प्रदेशात जागा विपुल होती. तेथे फारसे कोणी जात नसे; कारण या लहरी बहुधा सरळ रेषेत जातात आणि क्षितिजापलीकडे फार पोहोचत नाहीत. त्याला एकच उपाय, तो म्हणजे उंच मनोरा. उंचीचे वेड असलेल्या या माणसाला तो उपाय मनापासून आवडला असला पाहिजे.

या शोधाची पेटंटे २६ डिसेंबर १९३३ रोजी त्यांना मिळाली. १९३४ साली न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीच्या शिखरावर आर.सी.ए. कंपनीच्या जागेत त्यांनी आपले यंत्र बसविले. साठ मैलांहून दूर लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर त्यांचे ग्राहक यंत्र होते. एकाच कार्यक्रमाचे जुन्या व नव्या अशा दोन्ही पद्धतींनी प्रक्षेपण करून तुलना करण्यात आली. जुन्या पद्धतीत वादळाने सारे बुडून जाई. नव्या पद्धतीत सूर स्वच्छ ऐकू येत. पुढे सुमारे ऐंशी मैलांवर न्यू जर्सीतही तोच अनुभव आला. सार्नॉफ यांना खरखर गाळून टाकणारी एखादी लहानशी पेटी हवी होती. मित्राने त्यांच्यापुढे ठेवली ती संपूर्ण नवी यंत्रणा. ती स्वीकारावी, तर जुनी केंद्रे आणि जुने रेडिओ मोडीत निघणार. शिवाय कंपनीचे लक्ष आता दूरचित्रवाणीकडे लागले होते. १९३५ साली इमारतीवरून यंत्र काढून घेण्यास आर्मस्ट्राँग यांना सांगण्यात आले.

त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला त्यांनी न्यूयॉर्कमध्ये अभियंत्यांच्या सभेपुढे आपला निबंध वाचला. निबंध संपल्यावर याँकर्स येथे एका मित्राच्या घरातून चाललेले प्रक्षेपण सभागृहात ऐकविण्यात आले. पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला. कागद चुरगाळल्याचा, फाडल्याचा आवाज आला. घंटेचा नाद विरत विरत शांत झाला, आणि त्या शांततेत खरखर नव्हती. रेडिओतून अशी शांतता त्या अभियंत्यांनी यापूर्वी कधी ऐकली नव्हती.

कोणी साह्य करीना, तेव्हा आर्मस्ट्राँग यांनी हडसनच्या काठी अल्पाइन येथे कड्यावर चारशे फुटांहून उंच मनोरा स्वतःच्या खर्चाने उभारला. त्यापायी तीन लक्ष डॉलरांहून अधिक रक्कम खर्ची पडली. १९३९ साली हे केंद्र पूर्ण शक्तीने चालू झाले आणि लोकांना नव्या ध्वनीची गोडी लागली. १ जानेवारी १९४१ पासून सरकारने या पद्धतीला, म्हणजेच एफ.एम.ला, स्वतंत्र पट्टा दिला. आर.सी.ए.ने दहा लक्ष डॉलर एकरकमी देऊ केले. परंतु इतर कारखानदार विक्रीच्या प्रमाणात मोबदला देत असता एकालाच निराळा न्याय कसा लावावा, म्हणून आर्मस्ट्राँग यांनी ते नाकारले. दुसऱ्या महायुद्धात मात्र त्यांनी आपली पेटंटे सैन्यास विनामूल्य वापरू दिली.

१९४५ साली त्यांच्यावर मोठा आघात झाला. सूर्यावरील डागांच्या काळात व्यत्यय येईल, असे कारण देऊन सरकारी आयोगाने एफ.एम.चा पट्टाच बदलून वर हलविला. आर्मस्ट्राँग यांचा विरोध व्यर्थ गेला. लोकांच्या घरचे सुमारे चार-पाच लक्ष रेडिओ आणि चालू असलेली केंद्रे एका निर्णयाने कालबाह्य ठरली. शिवाय दूरचित्रवाणीच्या संचांत आवाजासाठी एफ.एम.च वापरले जात होते आणि आर.सी.ए. त्याचा मोबदला देत नव्हती. १९४८ साली आर्मस्ट्राँग यांनी कंपनीवर दावा लावला. कंपनीच्या वकिलांनी त्यांची तपासणी महिनोन् महिने लांबविली. एफ.एम.च्या वाढीसाठी आपल्या कंपनीने इतर कोणाहीपेक्षा, अगदी आर्मस्ट्राँग यांच्याहूनही, अधिक केले आहे, अशी साक्ष सार्नॉफ यांनी दिली. ती ऐकताना आर्मस्ट्राँग समोरच बसले होते. १९५० च्या अखेरीस पेटंटांची मुदत संपली, पैसा आटत चालला. त्यांचा स्वभावही हट्टी. तडजोड त्यांना ठाऊक नव्हती. त्या हट्टाने शोध दिला, पण संसाराची शांतता हिरावून नेली. पत्नी काही काळासाठी बहिणीकडे निघून गेली. ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री, एकाकी आणि खचलेल्या मनाने, तिला क्षमायाचनेचे पत्र लिहून ठेवून त्यांनी स्वतःच आपल्या जीवनाचा शेवट केला.

मॅरियन आर्मस्ट्राँग यांनी तो लढा हाती घेतला. १९५४ च्या अखेरीस आर.सी.ए.ने दहा लक्ष डॉलरांहून थोडी अधिक रक्कम देऊन तडजोड केली; चौदा वर्षांपूर्वी देऊ केलेली रक्कमही साधारण तेवढीच होती. इतर कंपन्यांविरुद्धचे दावे त्यांनी एकामागून एक चालविले आणि १९६७ साली शेवटचा दावाही जिंकला. तोपर्यंत एफ.एम. देशोदेशी पसरले होते. भारतात आकाशवाणीने पहिली एफ.एम. सेवा २३ जुलै १९७७ रोजी मद्रास येथे सुरू केली.

अल्पाइनचा मनोरा उभाच राहिला. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कचे जागतिक व्यापार केंद्र कोसळले, तेव्हा त्यावरील दूरचित्रवाणीचे प्रक्षेपणस्तंभही नष्ट झाले. शहरातील काही केंद्रांनी त्यानंतर आपले प्रक्षेपण तात्पुरते सुरू केले, ते आर्मस्ट्राँग यांच्या याच मनोऱ्यावरून.