रावबहादूर तालमकी : आपल्या सोसायटीचे पणजोबा

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत आपल्या संस्थापक सभासदांचे फोटो छापले जात आहेत, ते योग्यच आहे. पण त्यांच्याही आधी एक फोटो हवा होता असे मला वाटते. तो रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांचा. सहकारी बँका आणि सहकार खाते या वर्तुळात हे नाव मोठे आहे, पण सोसायटीत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ते क्वचितच ठाऊक असते. मी सचिव होतो तेव्हा एका प्रशिक्षण वर्गात त्यांच्याविषयी ऐकलं आणि मग मिळेल ते वाचत गेलो. त्यातलं थोडं इथे सांगतो.

तालमकी चित्रापूर सारस्वत समाजाचे. हा छोटासा समाज मूळचा उत्तर कानडा जिल्ह्याकडचा. मुलगा शिकला की मुंबई गाठायचा आणि एखाद्या कचेरीत कारकुनी धरायचा. पगार बेताचा, त्यामुळे बायकामुलं आली की पहिला प्रश्न जागेचा. त्यात १८९६ साली मुंबईत प्लेग आला. कोंदट, दाटीवाटीच्या चाळी सरकारच्या डोळ्यावर आल्या आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. आपल्या १९३६ सालच्या नासुप्रची ही थोरली बहीणच म्हणा. ट्रस्टने रस्ते काढले, जुन्या वस्त्या पाडल्या. पण पाडलेल्या घरातला माणूस जाणार कुठे? अन् उरलेल्या घरांचा मालक भाडं वाढवल्याशिवाय राहतो का?

तालमकींनी सुरुवात घरापासून केली नाही, पैशापासून केली. २७ डिसेंबर १९०६ रोजी त्यांनी आपले दिवंगत गुरू, वकील शामराव विठ्ठल कैकिणी यांच्या नावाने एक सहकारी पतसंस्था काढली. समाजातल्या हलाखीच्या कुटुंबांना आधार मिळावा, हा हेतू. पै-पै जमवून सुरू झालेली हीच संस्था पुढे शामराव विठ्ठल सहकारी बँक, म्हणजे आजची एसव्हीसी बँक झाली.

मग घरांची संस्था तेव्हाच का काढली नाही? कारण कायदा आडवा होता. १९०४ च्या कायद्याखाली फक्त पतसंस्था नोंदता येत होत्या. १९१२ साली नवा कायदा आला आणि इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढायला वाट मोकळी झाली. १९१३ मध्ये मुंबईत सहकारी गृहनिर्माणाचा प्रचार करणारी एक संघटना उभी राहिली आणि २८ मार्च १९१५ रोजी गावदेवी भागात सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाऊसिंग सोसायटीची नोंदणी झाली. आशियातली ही पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था मानली जाते. तिच्यामागची मुख्य धडपड तालमकींची होती.

योजना साधी होती, पण डोकं लावून केलेली. सभासदाने शेअर घ्यायचे. जागा आणि इमारत मात्र संस्थेच्या नावावर. सभासद आपल्याच संस्थेचा भाडेकरू! त्याने दरमहा जे भरायचे त्यातून कर्ज, कर आणि दुरुस्ती भागवायची. मधे नफा खाणारा घरमालक नाही, त्यामुळे कुणाच्या लहरीवर भाडं वाढायचं कारण नाही. एकट्या कारकुनाला कुणी घरासाठी कर्ज देत नव्हते, पण अनेक कारकून एकत्र आले की त्यांची पत तयार होत होती. ही कल्पना मूळची इंग्लंडची. लंडनजवळ ईलिंगला १९०१ मध्ये अशीच संस्था निघाली होती.

आता जरा आपले नोंदणी प्रमाणपत्र वाचून बघा. संस्थेचा उपवर्ग लिहिला आहे, भाडेकरू सहभागीदारी. आपण तर स्वतःला फ्लॅटचे मालक समजतो, मग हा भाडेकरू आला कुठून, असं मला कितीतरी जणांनी विचारलं आहे. तो तिथून आला, बरं का. आपण सगळे कागदोपत्री त्या गावदेवीच्या कारकुनांचे वारस आहोत.

एक गोष्ट मात्र लपवू नये. तालमकींची संस्था त्यांच्या जातीपुरती होती. शिवाय ज्याला शेअरपुरतेही पैसे जमत नव्हते, असा मजूर तिच्या बाहेरच राहिला. आपल्या माणसांवर विश्वास ठेवणं सोपं होतं म्हणून सुरुवात तिथून झाली, हे समजण्यासारखं आहे. पण तिथेच थांबावं असं नाही. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाने पुरेशा कारणाशिवाय कुणालाही सभासदत्व नाकारता येत नाही, असं ठरवून टाकलं.

मुंबईत ताडदेवला त्यांच्या नावाची तालमकीवाडी आहे. नागपुरात त्यांच्या नावाचं काही असल्याचं मला माहीत नाही, पण त्यांचा प्रश्न आपल्याकडे जसाच्या तसा आहे. इथे कितीतरी कुटुंबांनी आयुष्याची पुंजी लेआउटमधल्या प्लॉटात घातली आणि मग आरएलसाठी वर्षानुवर्षं चकरा मारल्या. ज्यांना तेवढंही जमत नाही ते भाड्याने राहतात. आपल्याकडे काही फ्लॅट बंद पडून असतात, आणि कुणी ऑटोचालक किंवा दवाखान्यातली आया चौकशीला आली की आपली कुजबुज सुरू होते, भाडेकरू कसे असतील, नकोच ती कटकट. अरे बापा, आपल्या प्रमाणपत्रावर लिहिलंय काय?

नियमही आपल्या बाजूने आहेत. फ्लॅट भाड्याने दिला तर बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे शासनाने २००१ मध्येच ठरवून दिले आहे. मी येत्या सर्वसाधारण सभेत दोन सूचना मांडणार आहे. बंद फ्लॅटची यादी कार्यालयात ठेवावी, आणि आपल्याच वस्तीत काम करणाऱ्या कमी पगाराच्या कुटुंबांना ते परवडणाऱ्या भाड्यात मिळावेत म्हणून समितीने मालक-सभासदांशी बोलावे. सक्ती कुणावरच नाही, ज्याची इच्छा असेल त्यानेच द्यावा. सभेला जरूर या, विरोध असेल तर तोही मोकळेपणाने करा. पण हात वर करण्यापूर्वी तालमकींचा एकदा विचार करा, एवढीच विनंती.