नगरच्या दरबारात येणारे गोव्याचे डॉक्टर : गार्सिया द ऑर्ता



थंडी पडली, ऊसतोड सुरू झाली की वर्गात खोकल्याचा आवाज सुरू होतो. परवा एका मुलीने दप्तरातून कोष्टकोळिंजनाचा तुकडा काढला. आजीने चघळायला दिलेला. हे येतं कुठून, असं पोरांनी विचारलं आणि मी गप्प! शोधता शोधता जे सापडलं ते तुम्हालाही सांगते.

गार्सिया द ऑर्ता यांचा जन्म १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमधला. घराणं मूळचं ज्यू, पण सक्तीने ख्रिस्ती झालेलं. स्पेनमध्ये वैद्यक शिकून ते १५३४ मध्ये गोव्याला आले आणि शेवटपर्यंत इथेच राहिले. आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे, अहमदनगरचा पहिला बुऱ्हाण निजामशहा त्यांचा स्नेही. त्याच्यावर उपचार करायला ते घाट चढून नगरला येत. इथल्या हकिमांशी त्यांच्या चर्चा चालत. मोठा डॉक्टर असूनही ते विचारत बसत: या मुळीला तुम्ही काय म्हणता, कशावर देता?

१५६३ मध्ये गोव्यात त्यांचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक छापून निघालं. ते सगळं संवादात लिहिलंय. रुआनो नावाचा काल्पनिक डॉक्टर युरोपातल्या जुन्या ग्रंथांचे दाखले देतो आणि ऑर्ता स्वतः पाहिलेलं सांगतात. ग्रीक पंडित चुकले असतील तर तसं सांगतात. (परिसर अभ्यासाचा पाठ असा संवादातून घेऊन बघा, मुलं खुलतात.)

त्यात आपलं कोळिंजनही आहे! ऑर्तांनी त्याचे दोन प्रकार सांगितले: लहान, जास्त सुवासिक ते चीनहून येणारं आणि मोठं ते जावाचं. चोपचिनीवरही वेगळं प्रकरण आहे. तिच्या तर नावातच चीन. फारसीत चोब म्हणजे लाकूड. म्हणजे चिनी औषधं आपल्याकडे जहाजातून येत होती आणि काष्ठौषधीच्या दुकानांत ती आजही मिळतात.

पालकांनो, एक सांगू का? कोळिंजनाने घसा मोकळा वाटतो, पण मुलाला धाप लागत असेल, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर डॉक्टरांकडेच न्या. त्यांनी दिलेला पंप काढ्यासाठी बंद करू नका. कोरोनानंतर इम्युनिटीच्या नावाखाली काय काय विकलं गेलं ते आपण पाहिलंच. ऑर्ताही ऐकीव गोष्टीवर सहजासहजी विश्वास ठेवत नसत.

त्यांच्या आयुष्याचा शेवटचा भाग मुलांना कसा सांगावा, याचा मी खूप विचार केला. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्माची चौकशी करणारं न्यायालय सुरू झालं. ऑर्ता १५६८ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला गुपचूप ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळलं. १५८० मध्ये ऑर्तांची हाडं थडग्यातून उकरून जाळली. तोवर त्यांच्या पुस्तकाचा संक्षिप्त लॅटिन अनुवाद युरोपात पोचला होता. तो १५६७ मध्येच छापला गेला होता. चौथीला मी हाडांचं सांगितलं नाही, सातवीला सांगितलं. वर्ग बराच वेळ शांत होता. मग एकाने विचारलं, पुस्तक का नाही जाळलं?

शाळेची सहल गोव्याला गेली तर पणजीत मोठ्या चर्चसमोरच त्यांच्या नावाची बाग आहे. मुलांना तिथे जरूर थांबवा.