देवाचा दरबार आणि एक राजीनामा

नांदेडच्या शाखेत मी अधिकारी होतो, तेव्हाची गोष्ट. तिथल्या एका मंडळीचे सेक्रेटरी आमचे खातेदार होते. मंडळी म्हणजे चर्चचे सभासद. ख्रिस्ती समाजात हाच शब्द चालतो. रविवारच्या दानाची रक्कम ते सोमवारी न चुकता भरायला येत. एकदा स्लिप भरून झाली तरी ते समोर बसून राहिले. मंडळीत वाद पेटला होता. तरुणांना कीबोर्डवरची हिंदी-इंग्रजी गाणी हवी होती, वडीलधाऱ्यांना पेटी-तबला आणि अभंग. त्यातून मूळ प्रश्न निघाला : आपण कोण, मिशननं घालून दिलेल्या वाटेनंच जायचं की आपली वाट काढायची? मी पडलो बाहेरचा माणूस, सल्ला काय देणार? पण मला आठवले ते रेव्हरंड नारायण वामन टिळक.

टिळक आम्हाला भेटले ते शाळेच्या पुस्तकात, ‘केवढे हे क्रौर्य’ या कवितेतून. लहानपणी मी त्यांना लोकमान्यांचे भाऊच समजत असे! प्रत्यक्षात ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, जन्म १८६१चा. आई लवकर गेली, वडिलांशी पटलं नाही. मुलगा नाशिकला गेला आणि संस्कृत शिकला. जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी लग्न झालं. त्याच पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई. टिळकांचा पाय एका गावात ठरत नसे आणि पैसा हातात टिकत नसे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना ‘नवा करार’ दिला. वाचता वाचता ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी थबकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्यानंतरची काही वर्षं लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. ती होरपळ त्यांनी हसतखेळत लिहिली आहे, पण वाचताना आपल्याला हसू येत नाही. पुढे त्या अहमदनगरला (आजचं अहिल्यानगर) पतीकडे गेल्या आणि कालांतरानं त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये टिळक शिकवू लागले. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, १९१२पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी भागाचं संपादन त्यांच्याकडे आलं. चर्चमध्ये तेव्हा बरीचशी गीतं इंग्रजीवरून भाषांतरित केलेली, चालीही परदेशी. ख्रिस्ताकडे आपण तुकोबांच्या पुलावरून आलो, अशी टिळकांची धारणा होती. त्यांनी ओवी-अभंगात शेकडो उपासनागीतं लिहिली, कीर्तनं केली. आम्हा नांदेडकरांना यात नवल वाटू नये. नरसीचे नामदेव आमच्या शेजारचे, त्यांची पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि नांदेडच्या गुरुद्वारात ती परकी वाटत नाहीत.

गाण्याचा प्रश्न त्यांनी असा सोडवला. पगाराचा प्रश्न अवघड होता. मिशन आणि चर्च या दोन गोष्टी एक नव्हेत, हे त्यांना फार बोचे. पाळक मिशनच्या पगारावर, राहायला मिशनचं घर आणि निर्णय परदेशी साहेबांचे! अशी मंडळी स्वतःच्या पायांवर उभी राहणार कशी? हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नव्हता. नांदेड-लातूर ज्या निजामाच्या राज्यात होतं, त्याच राज्यातल्या दोर्णकलला १९१२ साली अझरिया हे अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप झाले होते. पण टिळक स्वतः तोच मिशनचा पगार खात होते, आणि ते त्यांना कळत होतं. १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची नोकरी सोडली. मी पेन्शन पक्की होईपर्यंत खुर्चीला चिकटून राहिलेला माणूस. हा राजीनामा मला आजही अस्वस्थ करतो. अर्थात पगार त्यांनी सोडला, पण चूल पेटवायची लक्ष्मीबाईंनी, हेही विसरून चालणार नाही.

साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ताला गुरू मानणारा कुणीही तिथं यावा, मग त्याचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. ख्रिस्ताचा शिष्य होण्यासाठी आपली माणसं, आपली भाषा सोडावी लागू नये, अशी त्यामागची तळमळ. स्वतःचं घर आणि मुलगा दुरावण्याचं दुःख भोगलेल्या माणसालाच ती सुचावी. अनेक पाद्र्यांना हे पटणं कठीण होतं. बाप्तिस्म्यावाचून मंडळी कसली? त्यांची शंकाही निव्वळ हटवादी म्हणता येणार नाही. कुंपणच नसेल तर आत कोण नि बाहेर कोण?

उत्तर द्यायला टिळकांना वेळ मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते गेले. त्यांच्या इच्छेनुसार देहाला अग्नी दिला गेला आणि अस्थी नगरला नेण्यात आल्या. दरबार त्यांच्यामागे फार काळ चालला नाही. ‘ख्रिस्तायन’ हे अपुरं राहिलेलं महाकाव्य मात्र लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

नांदेडच्या मंडळीचं सहा महिन्यांत ठरलं. महिन्यातला एक रविवार भजनाचा, बाकीचे कीबोर्डचे. पंचांमध्ये दोन तरुण मुली. भजनाच्या रविवारी दान कमी पडतं, अशी सेक्रेटरींची तक्रार होती, आणि स्लिपा तेच सांगत होत्या.

पुढे माझी लातूरला बदली झाली. तिथं एका नाताळात सहकाऱ्यानं चर्चमध्ये नेलं. टाळ वाजले, अभंग सुरू झाला. कुणाचा म्हणून शेजारच्या आजींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, तुकोबांचा. गीतांच्या पुस्तकात खाली टिळकांचं नाव होतं.