रेव्हरंड टिळक आणि देवाचा दरबार

मराठी रसिकांना रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा परिचय असतो तो मुख्यतः फुलामुलांचे कवी म्हणून. ‘वनवासी फूल’चे कर्ते, बालकवींना आपल्या घरी आश्रय देणारे वडीलधारे स्नेही आणि ‘स्मृतिचित्रे’मधील लहरी, उदार गृहस्थ, ही त्यांची रूपे सर्वश्रुत आहेत. परंतु आयुष्याच्या अखेरच्या पर्वात ज्या प्रश्नासाठी त्यांनी स्थैर्याचा त्याग केला, तो प्रश्न काव्याचा नव्हता. ख्रिस्ती मंडळी म्हणजे नेमके कोण, ती कोणत्या बंधनाने एकत्र बांधली जाते आणि तिची सीमारेषा कोणी आखावयाची, हा तो प्रश्न होता.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. मातेचे छत्र लहानपणीच हरपल्यावर ते नाशिकला आले आणि तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांचे संस्कृत अध्ययन झाले. जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका, म्हणजेच पुढील काळातील लक्ष्मीबाई, यांच्याशी त्यांचा विवाह झाला. एका ठिकाणी स्थिरावणे हा टिळकांचा स्वभाव नव्हता. कीर्तन, पुराण, शिक्षकी पेशा आणि नागपूरचे धनिक आप्पासाहेब बुटी यांच्याकडील संस्कृत ग्रंथांचे काम, अशी त्यांची भ्रमंती चालू होती. जातिभेद आणि रूढी यांविषयी त्यांच्या मनात तीव्र असमाधान होते. या देशाला साजेल असा नवा धर्म आपणच सिद्ध करावा, अशीही कल्पना त्यांच्या मनात घोळत होती.

1893 मध्ये ते राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी निघाले असता आगगाडीत त्यांची एका युरोपीय गृहस्थाशी गाठ पडली. संस्कृत काव्यावर दोघांचे मनमोकळे संभाषण झाले. निरोप घेताना त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांनी केवळ दिलेल्या शब्दाखातर तो ग्रंथ वाचावयास घेतला. परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. तेथून मागे फिरणे त्यांना शक्य झाले नाही.

10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो परदेशी मिशनऱ्याकडून न घेता भारतीय धर्मोपदेशकाच्या हातून घेण्याचा त्यांचा आग्रह होता. धर्म स्वीकारला तरी देश सोडलेला नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगावयाचे होते. तथापि समाजाने ते ऐकले नाही. आप्त दुरावले; लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूसह माहेरच्या माणसांत राहिल्या. काही वर्षांच्या या ताटातुटीनंतर पतिपत्नी अहमदनगरला पुन्हा एकत्र आली आणि 1900 मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचारान्ती बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्मा हा शब्द टिळकांच्या लेखी असा घर मोडणारा आणि पुन्हा उभारणारा शब्द होता. म्हणूनच त्याविषयी त्यांनी पुढे जे म्हटले, ते हलकेपणाने म्हटले, असे कोणास म्हणता येणार नाही.

अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हे अमेरिकन मराठी मिशनचे मोठे केंद्र. त्याच जिल्ह्यात अँग्लिकन पंथाच्या एस. पी. जी. या संस्थेचेही कार्य चाले. 1876-78 च्या दुष्काळानंतर या भागातील महार-मांग समाजातून अनेकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. एखादे खेडे कोणत्या संस्थेच्या पदरात पडले, यावर तेथील माणसाचा पंथ ठरे. इंग्लंड-अमेरिकेत शतकांपूर्वी झालेल्या वादांशी ज्याचा काडीमात्र संबंध नव्हता, तो नगरचा शेतमजूर त्या वादांचा वारस होऊन बसला. उपाध्याय, शिक्षक, शाळा यांचे वेतनही बहुतांशी परदेशातून येई.

टिळकांनी या मंडळीची सेवा वीस वर्षांहून अधिक काळ केली. त्यांनी ईश्वरविज्ञान शाळेत अध्यापन केले, 1904 मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली आणि 1912 पासून त्यांनी ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन पाहिले. तथापि त्यांचे सर्वांत मोठे दान म्हणजे ख्रिस्ती उपासनेला त्यांनी दिलेली मराठी वाणी. परदेशी चालींवर बेतलेल्या गीतांच्या जागी अभंग, पद, भजन आणि कीर्तन आले. तुकोबांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. पंथांचे सिद्धान्त वेगळे राहिले, तरी त्यांची पदे निरनिराळ्या पंथांच्या मंडळ्यांत गाइली जाऊ लागली. ऐक्याचा ठराव कोणी करण्यापूर्वीच ते ऐक्य गळ्यांतून उमटले होते.

एवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. 1917 मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास जाऊन ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ख्रिस्ताला गुरू आणि प्रभू मानणाऱ्या बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्वांचे हे बंधुमंडळ होते. परदेशी पैशावर आणि परदेशी अधिकारावर ते अवलंबून नव्हते. एखादा नवा पंथ काढण्याचाही त्यात हेतू नव्हता. बाप्तिस्म्याचा त्यांनी धिक्कार केला नाही. मात्र ज्याचे अंतःकरण ख्रिस्ताला वाहिलेले आहे, त्याला केवळ नोंदवहीत नाव नाही म्हणून परका मानणे त्यांना पटेना.

या भूमिकेवर आक्षेप आले आणि ते केवळ संकुचित वृत्तीचे नव्हते. बाप्तिस्मा हा ख्रिस्ताने घालून दिलेला संस्कार आहे. तो ऐच्छिक ठरला तर मंडळीचे स्वरूपच विरून जाईल, असे प्रस्थापित मंडळींना वाटत होते. त्यामागे एक सामाजिक पेचही होता. गावकुसाबाहेरच्या माणसाने उघडपणे बाप्तिस्मा घेऊन छळ सोसावा आणि वरच्या जातीच्या सुशिक्षिताने आपली जात राखून ख्रिस्ताचा भक्त म्हणवून घ्यावे, यातून मंडळीत नवा वर्णभेद शिरण्याची भीती होती. टिळकांनी स्वतः ही किंमत पुरेपूर मोजली होती, त्यामुळे त्यांच्या हेतूविषयी शंकेला जागा नव्हती. परंतु हेतू शुद्ध असला तरी प्रश्न सुटत नाही. दारे उघडी ठेवावीत की उंबरठा जपावा, हा पेच दरबाराने निर्माण केला नव्हता. त्याने तो केवळ चव्हाट्यावर आणला.

त्याचे उत्तर शोधण्यास टिळकांना अवधी मिळाला नाही. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या देहाला अग्निसंस्कार देण्यात आला. ज्या रूढीने ख्रिस्ती माणूस मरणातही आपल्या देशबांधवांपासून वेगळा दिसे, ती त्यांनी अशी मोडली. त्यांच्यामागे दरबार टिकला नाही. अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य मात्र लक्ष्मीबाईंनी निष्ठेने पुढे नेले.

टिळकांनी ज्या भिंतींशी टक्कर दिली, त्यांतील काही पुढे खरोखरच पडल्या. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे उत्तर भारतातील सहा मंडळ्या एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना झाली. नगर जिल्ह्यात वेगवेगळे वाहणारे अँग्लिकन व काँग्रिगेशनल हे दोन्ही प्रवाह त्यात मिळाले. बालकांचा आणि प्रौढांचा बाप्तिस्मा, या वादग्रस्त प्रथांनाही तेथे एकाच छपराखाली जागा देण्यात आली. बाप्तिस्मा घेतलेल्यांचे ऐक्य अशा रीतीने बऱ्याच अंशी साधले. बाप्तिस्मा न घेतलेल्या भक्ताचे स्थान कोणते, हा टिळकांचा प्रश्न मात्र त्या करारातही सुटलेला नाही.